बिनवासाचं पातळ

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, त्या दिवशी माप ओलांडायच्या आधीच मला शिंक आली. शिंक म्हणजे अपशकुन, म्हणून सासूबाईंनी मला दोन मिनिटं दारातच थांबवलं. तेवढ्यात दुसरी आली. मग तिसरी. शेवटी वऱ्हाड जिन्यात खोळंबलं आणि त्यांनी नाइलाजाने मला आत घेतलं.

घरभर केवड्याचा वास होता. मला वाटलं, लग्नघर आहे, असेल काही अत्तर-बित्तर शिंपडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उशीला केवड्याचा वास, टॉवेलला केवड्याचा वास, नवऱ्याच्या बनियनला केवड्याचा वास. तिसऱ्या दिवशी माझ्या स्वतःच्या, माहेरून आणलेल्या साडीलाही तोच वास आला आणि तेव्हा मला कळलं, की हा वास जाणारा नाही. तो इथे राहतो.

माझे सासरे घरी कपडे धुवायची पावडर बनवायचे. ऐंशीच्या सुमाराला आमच्याकडे गल्लोगल्ली कुणी ना कुणी हा उद्योग करत असे. प्लास्टिकच्या मोठ्या टबात सोडा, मीठ आणि काकवीसारखं दिसणारं काळं घट्ट रसायन कालवायचं, गॅलरीत प्लास्टिकवर पसरून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी चाळायचं आणि सगळ्यात शेवटी सेंट घालायचा. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यावर दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवलं की पिशवी बंद. सासरे ते इतक्या सफाईने करत, की बघत राहावं. आमची बिल्डिंग, समोरची बिल्डिंग, पलीकडच्या दोन चाळी, सगळे आमचीच पावडर वापरायचे. म्हणजे मी जिना उतरून रस्त्यावर आले तरी दोरीदोरीवर केवडा वाळत असायचा.

"सोडा सगळ्यांचा सारखाच," सासरे म्हणायचे. "गिऱ्हाईक टिकतं ते वासावर."

पहिल्या वर्षी नुसत्या शिंका होत्या. दुसऱ्या वर्षी दम लागायला लागला. जेवणाचा पाट छातीवर ठेवून त्यावर कुणी निवांत बसावं, तसं व्हायचं. मी तेव्हा वागळे इस्टेटमध्ये एका ऑफिसात टायपिस्ट होते. तिथे मशीनच्या तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असायचा आणि तो मला अमृतासारखा वाटायचा. पण मी साडी घरचीच नेसून जायचे ना! केवडा माझ्यासोबत ऑफिसात यायचा, दिवसभर खुर्चीत बसायचा आणि संध्याकाळी माझ्याबरोबर परत यायचा.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, चार प्रश्न विचारले आणि सांगितलं, "वासाची अ‍ॅलर्जी दिसते. अत्तर, उदबत्ती जपा. कपडे बिनवासाच्या साबणाने धुवा आणि दोनदा पाण्यातून काढा. सोपं आहे." मला तिथेच हसू फुटलं. डॉक्टरांना वाटलं, मी त्यांचा अपमान केला.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ शर्टाच्या बटणाशी खेळत बसला. मग म्हणाला, "हे बघ, बाबांना यातलं काही बोलू नको."

"का?"

"त्यांची कंपनी बंद पडलेली तेव्हा तू नव्हतीस इथे. आठ महिने ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवायला उठवावं लागायचं गं त्यांना. ह्या पावडरीने ते उठून बसले. आता तू त्यांना सांगणार, की तुमच्या पावडरीने मला दम लागतो?"

"मग मी काय करू? श्वास घेणं सोडू?"

"काहीतरी बघ ना तुझं तू," तो म्हणाला.

मला त्याचा संताप आला. सासऱ्यांचा मात्र येईना, आणि खरी अडचण तीच होती. सासरा खाष्ट असता तर मी पहिल्याच महिन्यात सोक्षमोक्ष लावला असता. पण हा माणूस वाचनालयातून माझी पुस्तकं बदलून आणायचा. आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचा. मी माहेरी गेले की माझ्या वाटणीचा आंबा पिकू नये म्हणून फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायचा. त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्यात त्यांची एक रीत होती. सेंट घातला की ते मूठभर पावडर बशीत घ्यायचे आणि माझ्यापुढे धरायचे. "सूनबाई, बघ गं. येतो का वास?"

मी श्वास रोखून बशीवर वाकायचे. जवळ जायचं, पण आत काही घ्यायचं नाही, ही कला मला हळूहळू साधली होती. मग मान वर करून म्हणायचे, "हो, येतो ना. छान येतो." पण श्वास रोखलेला असल्यामुळे ते म्हणायला मला जरा उशीर व्हायचा. तेवढ्या उशिराने त्यांचा चेहरा पडायचा. "कमी पडला वाटतं," असं पुटपुटत ते गॅलरीत जायचे आणि आणखी दोन झाकणं ओतायचे. हे मला कळायला किती दिवस लागावेत? कळल्यावर मी घाईघाईने "येतो, येतो" म्हणायला लागले. तर त्यांना वाटलं, मी त्यांचं मन राखते आहे. मग तीन झाकणं.

"काहीतरी बघ तुझं तू" असं नवऱ्याने सांगितलेलं, म्हणून मी बघायला लागले. माझं माहेर कल्याणचं. तिथल्या बाजारात एका घाऊक साबणवाल्याच्या दुकानात गेले आणि बिनवासाचा साबण मागितला.

"वासाचा नसलेला?" त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "वहिनी, लोक वास नाही म्हणून परत आणून देतात. तुम्ही पहिल्याच."

त्याने वड्यांचा ढीग पुढे टाकला. मी एकेक नाकाशी धरली. लिंबू, गुलाब, मोगरा, पुन्हा लिंबू. एकीला वास नाही म्हणून मी खूश झाले, तर तो म्हणाला, "ती मागच्या वर्षीची आहे. धुवायला लागलात की सुटेल वास." शेवटी अगदी तळातून त्याने एक पिवळी लांब पट्टी काढली. वर्कशॉपमधले लोक तेलकट कपडे धुवायला तो साबण नेतात म्हणाला. तिला नुसता तेलाचा वास होता. मी ती पट्टी देवाच्या प्रसादासारखी पदरात घेतली.

पुढचे चार दिवस मी माझी साडी वेगळी, गुपचूप धुतली. पाचव्या दिवशी सासूबाई दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. त्यांनी माझी साडी नाकाला लावली. आमच्या घरात कपडा धुतला आहे की नाही हे डोळ्यांनी बघत नसत.

"ह्याला वासच नाही. धुतलीस, की नुसती पाण्यातून काढलीस?"

"धुतली हो, आई."

"कशाने?"

त्यांनी शोधाशोध केली नाही. सरळ जाऊन तांदळाच्या डब्यामागून पट्टी काढली. त्या आधीपासून जाणून होत्या तर!

"आपल्या घरात बाहेरचा साबण?" त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "ह्यांनी बघितलं असतं तर काय वाटलं असतं? लोक आपल्याकडून नेतात, आणि आपली सून बाजारातून आणते?" त्यांनी पट्टी सासऱ्यांना दाखवली नाही, एवढी माया केली. भांडी घासायला काढून ती दोन आठवड्यांत संपवली. माझी साडी पावडरीत पुन्हा भिजवली, पण ह्या वेळी दोन मुठी टाकून.

मुलगी झाली तेव्हा मी नोकरी सोडली. म्हणजे तेलाचा वासही सुटला. आता चोवीस तास केवडा. दुपट्याला केवडा, टोपड्याला केवडा. मुलीला छातीशी धरलं की तिचा वास यायच्या आधी कपड्यांचा यायचा आणि मला खोकल्याची उबळ आली की तिला खाली ठेवावं लागायचं. लोक म्हणायचे, बाळंतपणाची कमजोरी आहे, डिंकाचे लाडू खा. मी लाडू खाल्ले. आता माझा स्वभावही बिघडला होता. घरात कुणी दोरीवर कपडे झटकले तरी मी तोंड फिरवून गॅलरीच्या गजांशी जाऊन उभी राहायचे. त्या गजांबाहेर समोरच्यांचे कपडे असायचे.

मुलगी दोन वर्षांची असताना, गौरींच्या तोंडावर, सासूबाई मोरीत घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

सासूबाई रोज सोवळ्यात स्वयंपाक करून नैवेद्य दाखवायच्या. आजूबाजूला बहुतेकांनी ते सोडलं होतं, ह्यांनी सोडलं नव्हतं. मी लग्न होऊन आल्यावर मला त्यांनी एकदा विचारलेलं आणि मी चक्क नाही म्हटलेलं. माझी श्रद्धा बेताचीच. पण आता गौरी दारात आणि बाईच्या हाताला प्लास्टर. मी आंघोळ करून ओलेत्याने स्वयंपाकघरात गेले. त्यांनी उंबऱ्याबाहेरून सांगितलं, "वलणीवरचं पातळ काठीने काढ. हात लावू नकोस कशाला."

वलणी म्हणजे छताला टांगलेला आडवा बांबू. मी काठीने पातळ खाली ओढलं, ते माझ्या तोंडावरच पडलं. आणि मी त्यातून श्वास घेतला.

काहीच नव्हतं. पाण्याचा आणि उन्हाचा, एवढाच काय तो वास. सोवळ्याच्या कपड्याला साबण लावत नाहीत, कारण साबणात चरबी असते. पावडरही नाही. साध्या पाण्यात पिळायचा आणि काठीने वर टाकायचा. चार वर्षं मी बिनवासाच्या कपड्यासाठी कल्याणचा बाजार पालथा घालत होते आणि तो माझ्याच डोक्यावर, छताला टांगलेला होता. मी तशीच तोंडावर पातळ घेऊन उभी राहिले आणि रडले.

"काय गं, काय झालं?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं.

"काही नाही, आई. देवाचं करायला मिळालं म्हणून."

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं खोटं. त्यांचे डोळे भरून आले.

त्यांचं प्लास्टर निघालं, पण मी सोवळं सोडलं नाही. "तुम्ही आता आराम करा," म्हटलं. सकाळी सहापासून दुपारी जेवणं होईपर्यंत मी त्या पातळात असायचे आणि तेवढा वेळ माणसासारखा श्वास घ्यायचे. मग हाव सुटली. मी संध्याकाळचाही नैवेद्य सुरू केला. चातुर्मास धरला. सोळा सोमवार केले, ते संपल्यावर शुक्रवार. बिल्डिंगमधल्या बायका सणावारी मला पुरण घालायला बोलवायला लागल्या. सासरे येईल त्याला सांगायचे, "हल्लीच्या काळात अशी सून मिळणं कठीण." आणि आत मी डाळ घोटत असायचे, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटायची, की विचारू नका.

पण सोवळ्याची किंमत होती. कुणाला शिवायचं नाही. मुलगी उंबऱ्याशी येऊन हात पसरायची आणि सासूबाई तिला मागे ओढायच्या. शेवटी त्यांनीच तोड सांगितली: विटाळ कपड्याला असतो, नागड्या पोराला नसतो. तिचा फ्रॉक काढला की ती मला शिवू शकत होती.

तिला ते लगेच समजलं. सकाळी उठली की ती स्वतःच फ्रॉक डोक्यावरून ओढून उंबऱ्याबाहेर टाकायची आणि धावत येऊन माझ्या मांडीवर बसायची. तो केवडा बाहेर पडलेला असायचा. माझ्या अंगाला वास नाही, तिच्या अंगाला कपड्याचा वास नाही. मी तिच्या मानेत नाक खुपसायचे. दुधाचा, घामाचा, केसांचा, तिचा स्वतःचा वास. तीन वर्षं मला तेवढ्यासाठी सगळं सोसण्यासारखं वाटलं. एकदा तशी बसले असताना मागे दूध उतू जाऊन पार करपलं. सासरे उंबऱ्याशीच पेपर वाचत होते, त्यांनी मानही वर केली नाही. मला वाटलं, केवढी ही एकाग्रता!

मग ती शाळेत जायला लागली. एके सकाळी सासूबाई म्हणाल्या, "आता मोठी झालीस. असं नागडं फिरायचं नाही." तिने माझ्याकडे बघितलं. मी भाकरी उलटली. त्यानंतर ती उंबऱ्याशी येऊन उभी राहायची, चुकून हात लागू नये म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि तिथूनच मला शाळेतलं सांगायची. संध्याकाळी नैवेद्याआधी मी साध्या कपड्यात असले की जवळ यायची, पण तेव्हा आम्हा दोघींच्या अंगावर केवडा. दोन मिनिटांत मला उबळ यायची. हळूहळू तीच दोन मिनिटांच्या आत उठून जायला लागली. सकाळी शिवता येत नाही, संध्याकाळी धरता येत नाही. मी स्वतः शोधलेल्या पळवाटेने मला असं आणून कोंडलं होतं.

ती सहा वर्षांची असताना एका दुपारी शाळेच्या मैदानात पडली. गुडघा फुटलेला, कोपर सोललेलं, मोजा रक्ताने भरलेला. रिक्षाकाकांनी वर आणून सोडलं. नैवेद्य अजून व्हायचा होता. ती रडत रडत उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. हुंदके देत, नाक गळत, तरी हात पाठीमागे बांधलेले.

मला ते बघवलं नाही. मी पळी टाकली, दोन पावलांत तिच्यापाशी गेले आणि तिला उचलून पोटाशी घेतलं.

"अगं, सोवळ्यात!" सासूबाई ओरडल्या.

माझा चेहरा तिच्या युनिफॉर्ममध्ये होता. मी रडताना मोठा श्वास घेतला, सगळा केवडा आत गेला आणि माझी छाती बंद झाली. मी तिला घेऊनच खाली बसले. सासरे गॅलरीतून हातमोजे घातलेले तसेच धावत आले. पाणी आणलं, पाठ चोळली. सासूबाई म्हणत होत्या, सोवळं मोडलं म्हणून देवाने दाखवलं. ते ऐकून माझं डोकं फिरलं.

"देवाचा काही संबंध नाही!" मी एकेक शब्द तोडत म्हटलं. "मला ह्या वासाने दम लागतो. केवड्याने. लग्न झाल्यापासून. पातळाला वास नसतो, म्हणून मी सोवळं करते."

मुलगी रडायची थांबली.

सासऱ्यांनी हळूहळू हातमोजे काढले. "पण मी तुला रोज विचारायचो," ते म्हणाले. "तू म्हणायचीस, छान येतो."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, बाबा."

ते माझ्यासमोर जमिनीवर बसले. "आणि मी विचारायचो, कारण मला येत नाही."

मला कळेना.

"कंपनीतच गेला माझा वास. शेवटची दोन वर्षं अ‍ॅसिडच्या टाकीवर होतो ना. डॉक्टर म्हणाले, परत यायचा नाही. हिलाही बोललो नाही कधी. वासाची पावडर विकणाऱ्याला वासच येत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणाले असते? तुझं तोंड बघून अंदाजाने ओतत होतो." त्यांनी बशी धरावी तसा रिकामा हात पुढे केला आणि परत घेतला. "मला वाटायचं, कमीच पडतोय."

त्यांनी त्या आठवड्यात घरासाठी वेगळा टब आणला. त्यात सेंट नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकाला केवडाच हवा होता, पण आता विचारायला बशी नातीपुढे जायची, आणि तिचं नाक फार कडक होतं. "अर्धं झाकण, आजोबा," ती ठणकावून सांगायची.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं होतं, "म्हणजे ते सोळा सोमवार सुद्धा?" मला मान वर करवली नाही. तिसऱ्या दिवशी मी उठले तर वलणीवर पातळ होतं. अधू मनगटाने त्यांनीच ते पिळून काठीने वर टाकलं होतं. "काही का असेना," त्या म्हणाल्या, "देवाला आता तुझ्या हातची सवय झाली आहे." सोवळं माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. पुढे बारा वर्षं मी ते केलं.

नव्या पावडरीत धुतलेली पहिली साडी मी त्या तिसऱ्या दिवशीच दुपारी नेसले. मुलीचा घरचा फ्रॉकही त्याच पावडरीत धुतलेला होता. जेवणं झाली होती, देव झोपले होते. मी पलंगावर बसून दोन्ही हात पुढे केले आणि तिला हाक मारली. आता मी तिला हवा तितका वेळ धरू शकत होते.

ती आली आणि दोन हात अंतरावर थांबली.

"आई, आत्ता शिवू?"

"शिव ना गं," मी म्हटलं.

तिने पुढे येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. बराच वेळ ठेवलं. हात मात्र पाठीमागेच बांधलेले होते.